निकाल आणि निवाडा
(पाड्यावरच्या बैठकीत केलेले भाषण)



आज एका शब्दावर बोलू. शाळेचा निकाल लागतो, म्हणजे पोरगा पास नाय तर नापास. भांडणात कोणी म्हणतो, ‘तुझा निकालच लावतो’, म्हणजे संपवूनच टाकतो. म्हणून निकाल म्हटला की आपल्याला वाटते, झाले, संपले.

आपल्या पाड्यावरच्या एका आजीला प्लॉटच्या दाव्याचा कागद आला. त्यावर ‘अमान्य’ एवढेच लिहिलेले. कारण नाय. आजीने तो कणगीमागे खोचला. म्हणाली, ‘निकाल लागला, आता काय?’ कागद येऊन ४० दिवस गेले, तेव्हा आम्हाला कळले. आम्ही शिकलेल्या पोरांनी आधी विचारले नाय, ही चूक आमची.

आपल्याकडे दुसरा शब्द आहे, निवाडा. बाया सुपात तांदूळ निवडतात, त्यातलाच हा शब्द. निवडायला उजेडात बसावे लागते, दाणा दाणा बघावा लागतो. न बघता सूप उलटे केले तर त्याला निवडणे म्हणत नाहीत.

२००६ चा वनहक्क कायदा निवाडाच मागतो. दावा आधी ग्रामसभा तपासते. पुढे उपविभागीय समितीने नाकारला तर कारण लेखी पाहिजे, दावेदाराला कळवले पाहिजे. कळवल्यापासून ६० दिवसांत जिल्हा समितीकडे दाद मागता येते. दंडाची पावती नसली तरी म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब, जुना बांध, विहीर, मसणवट हे पण पुरावेच. आणि पडताळणी पुरी होईपर्यंत कोणाला जमिनीवरून उठवता येत नाय.

ओडिशात नियमगिरी डोंगरावर बॉक्साइटची खाण होणार होती. १८ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितले, देवाच्या आणि हक्काच्या गोष्टी ग्रामसभांनी ठरवाव्यात. १२ ग्रामसभा बसल्या. बाराही नाय म्हणाल्या. म्हणजे निवाडा करायची अक्कल गावाला आहे, हे कोर्टाने पण मानले.

आजीचे २० दिवस बाकी आहेत. तिचा अर्ज आज इथेच लिहू, शेजारच्या दोन म्हाताऱ्यांचे जबाब जोडू. ज्यांच्या घरात ‘अमान्य’चा कागद खोचलेला आहे, त्यांनी उद्या घेऊन या. कधी मिळाला ती तारीख आठवून या.

कागद आला म्हणजे निकाल लागला नाय. निवाडा अजून व्हायचा आहे.

जिंदाबाद!