आमच्या संगणकाचा कारभारी बदलला

(मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या वेळी केलेले भाषण)



मला बोलावयास उभे केले आहे खरे, पण मी काही भाषणे करणारी बाई नव्हे. माझे माहेर मुरबाड तालुक्यातले, सरळगावपासून आत. गावची शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा लांब, आणि पावसाळ्यात ओढा ओलांडून मुलीला कोण पाठवणार, म्हणून माझे शिक्षण तेथेच थांबले. लग्न होऊन शहापुरास आले ती चुलीशीच. तरीही गेली सहा वर्षे मंडळाचा व बचत गटाचा हिशेब माझ्याकडे आहे, आणि तो मी घरच्या संगणकावर ठेवते, हे आपण जाणता. एमएस-सीआयटीचे वर्ग आपल्या राज्यात २००१ साली निघाले, पण मी त्यांची पायरी कधी चढले नाही. मुलगा कॉलेजात असताना त्याच्या खुर्चीमागे उभी राहून जे दिसले ते उचलले. पुरण किती शिजवावे हे सासूबाईंच्या मागे उभे राहून शिकले, तसेच हे.

आता मूळ गोष्टीकडे येते. आमच्या संगणकावर विंडोज १० होते. ते २०१५ साली निघाले आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याच्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या बंद व्हावयाच्या होत्या. हे मला कळले ते दसऱ्याच्या सुमारास, पडद्यावर सूचना वारंवार येऊ लागली तेव्हा. आधी मी ती मिटवून टाकीत असे. मग भीती वाटू लागली, कारण त्याच यंत्रावरून मी विजेचे बिल भरते, सातबारा पाहते आणि बँकेचे खाते उघडते.

दुरुस्त्या बंद म्हणजे काय, हे आपल्या भाषेत सांगते. पावसाळ्याआधी आपण घर शाकारून घेतो. कौल फुटले असेल ते बदलतो. घर शाकारणारा माणूस यायचा बंद झाला म्हणून घर त्याच दिवशी पडत नाही, पण पुढे पाणी कोठून झिरपेल याचा नेम राहत नाही. संगणकात चोर शिरण्याच्या फटी अशाच रोज नव्या सापडतात, आणि कंपनी त्या बुजवीत असते. एक वर्षाची मुदतवाढ मागून घेण्याची सोय कंपनीने ठेवली आहे, पण तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच.

मग विंडोज ११ घ्यावे, तर आमचे यंत्र २०१४ सालचे. त्या नव्या प्रणालीला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय यंत्रातच लागते आणि प्रोसेसरही बराच अलीकडचा लागतो. आमच्यात दोन्ही नाही. दुकानात नेले तर दुकानदार म्हणाले, "वहिनी, आता हे डबडे झाले. चाळीस हजारांत नवे छान येईल." बैठकीत मी हे सांगितले तेव्हा, यंत्र आमच्या घरचे असले तरी काम मंडळाचे आहे, म्हणून निम्मे पैसे मंडळाने द्यावे, अशी सूचना आपल्यापैकीच एकीने केली. तिचा भाव चांगला होता. पण मी घरी येऊन हिशेब पाहिला. वीस हजार म्हणजे दोन-तीन जणींची लावणीची कर्जे. मला रात्री झोप आली नाही.

तेवढ्यात माझा भाचा मुरबाडहून आला. तो कल्याणला कॉलेजात जातो. त्याने यंत्र उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाला, "आत्या, यंत्र धडधाकट आहे. फक्त आतला कारभारी बदलू." मला ते पटकन कळले. वाडा तोच, दारे-खिडक्या त्याच, पण कोणाला कोठे बसवावयाचे, कोणती किल्ली कोणास द्यावयाची हे पाहणारा दिवाणजी नवा. त्या दिवाणजीला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. त्याने लिनक्स मिंट सुचविले.

लिनक्सची गोष्ट मोठी गमतीची आहे. फिनलंड देशात हेलसिंकी येथे लिनस टॉर्व्हाल्ड्स नावाचा २१ वर्षांचा विद्यार्थी होता. त्याने १९९१ साली हौसेने त्याचा गाभा लिहावयास घेतला आणि जगापुढे ठेवला. ज्याला येईल त्याने पाहावे, सुधारावे, पुढे द्यावे. त्याआधी १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी अशा मुक्त प्रणालीचा संकल्प सोडलाच होता. इंग्रजीत फुकट आणि मुक्त या दोहोंना फ्री हा एकच शब्द, म्हणून तिकडच्या लोकांना त्यातला फरक समजावत बसावे लागते. आपल्याला तो त्रास नाही. मिंट ही त्या झाडाची २००६ साली फुटलेली एक फांदी आहे. केरळातल्या सरकारी शाळांत मुले अशाच मुक्त प्रणालीवर शिकतात. आणि तुमच्या हातात जे अँड्रॉइड फोन आहेत, त्यांच्या पोटातही लिनक्सचाच गाभा आहे. म्हणजे आपण सगळ्याजणी ते न जाणता वापरतच होतो.

मला सर्वांत आवडले ते हे की, आधी चाखून पाहता येते. भाच्याने चारशे रुपयांच्या पेनड्राइव्हवर ते उतरविले आणि संगणक त्या पेनड्राइव्हवरूनच सुरू केला. आतल्या विंडोजला हातही लागला नाही. चार दिवस मी तसे वापरले. मात्र त्यात केलेले काम यंत्र बंद केले की पुसले जाते, पाटीवरच्या अक्षरासारखे. हे मला सांगितले होते, तरी पहिल्या दिवशी मी तासभर यादी लिहिली आणि वीज गेली. बॅटरी तर आमची केव्हाच मेलेली.

चार दिवसांत एक गोष्ट लक्षात आली, आणि ती मनाला लागली. मी संगणक शिकले होते असे मला वाटत होते. प्रत्यक्षात मी जागा पाठ केल्या होत्या. डाव्या कोपऱ्यातला हिरवा चौकोन दाबावा की हिशेब उघडतो, एवढेच. नव्या ठिकाणी हिरवा चौकोन नव्हता, आणि मी अंधारात चाचपडणाऱ्या माणसासारखी बसून राहिले. तेव्हा भाच्याने माउस माझ्या हातातून काढून घेतला नाही, हे त्याचे उपकार. तो म्हणे, "तुला काय करायचं आहे ते आधी तोंडाने सांग." मला बेरीज करावयाची आहे. मग बेरजेचे साधन कोठे असेल ते शोध. असे करीत लिब्रेऑफिस सापडले, फायरफॉक्स सापडला, छपाई सापडली.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आम्ही पक्के बसवावयाचे ठरविले. घरात चकल्यांचा घाणा चालू, बाहेर भातकापणी, आणि मी पीठ लागलेल्या हाताने बटणे दाबीत होते. मिंट विंडोजच्या शेजारी बसविता येते, किंवा सगळे पुसून एकटेही बसविता येते. आमची डिस्क भरलेली, म्हणून पुसून बसवावयाचे ठरले. भाच्याने दोनदा विचारले, "आत्या, सगळं काढून घेतलंस ना?" मी हो म्हटले. त्या हो बद्दल पुढे सांगते.

वीस-पंचवीस मिनिटांत सगळे बसले. मी मंडळाची हिशेबाची फाइल उघडली आणि अंगावर काटा आला. रकमा जशाच्या तशा होत्या, बेरजा बरोबर होत्या, पण नावे नाहीशी झाली होती. सभासदांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांची गिचमिड. बासष्ट जणींचे पैसे समोर दिसत होते, आणि कोणते कोणाचे हे सांगता येत नव्हते.

कारण असे निघाले की, ती नावे जुन्या पद्धतीच्या फॉन्टात लिहिलेली होती. त्या फॉन्टात खरे म्हणजे इंग्रजी अक्षरेच साठवलेली असतात, आणि फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा घालतो. मुखवटा विंडोजबरोबर पुसला गेला. युनिकोडचे तसे नाही. त्यात क हा क म्हणूनच साठवलेला असतो, म्हणून तो कोणत्याही फोनवर, कोणत्याही यंत्रावर क च दिसतो.

ही बातमी गावात कशी पसरली कोण जाणे. "हिशेब पुसला" असे दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर बोलले गेले. एक वयस्कर सभासद संध्याकाळी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाय, माझे पैसे त्या यंत्रात अडकले का गं?" पैसे बँकेत आहेत, असे मी त्यांना सांगितले, पण मला रडू आले. संगणक आल्यापासून मोठी वही लिहिण्याचा आळस मीच केला होता.

बाजारातल्या एका छापखान्यात, जेथे लग्नपत्रिका निघतात, तेथे तोच फॉन्ट मिळाला. तो बसवताच नावे परत दिसू लागली. तरीही मी ठरविले की ती सगळी नव्याने युनिकोडात लिहावयाची, म्हणजे पुन्हा हा प्रसंग नको. त्यासाठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड शिकले. मिंटमध्ये तो आधीपासून असतो, फक्त निवडावा लागतो. भारतीय मानक ब्युरोने १९९१ साली त्याला मानकात जागा दिली. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. क च्या बटणाबरोबर शिफ्ट दाबले की ख, ग चे घ, च चे छ, त चे थ. हे पाहून मला हसू आले. पहिलीतल्या बाईंनी फळ्यावर जशी अक्षरे मांडली तशीच ती बटणांवर बसली आहेत! जुन्या फॉन्टात आधी पहिली वेलांटी काढून मग अक्षर लिहावे लागे. येथे बोलतो त्या क्रमाने लिहावे, वेलांटी आपली जागा आपण शोधते. सातवी शिकलेल्या बाईला हेच सोपे, असे माझे मत आहे. कोणी वेगळे म्हणत असेल तर म्हणो.

मग तीन दुपारी आमच्या ओटीवर आपण सगळ्या आपापली पासबुके घेऊन बसलात. प्रत्येकीची रक्कम तिच्या पासबुकाशी ताडून नाव लिहिले. त्यात आढळले की दोघींची खरी नावे जुन्या यादीत नव्हतीच. अमक्याची आई, एवढेच. त्यांपैकी एकीने आपले नाव सांगताना आधी माझ्याकडे पाहिले, मग जमिनीकडे. ते नाव मी दोनदा तपासून लिहिले. एकूण हिशेबात एका रुपयाचाही फरक निघाला नाही, हे मी सर्वांसमक्ष सांगते. मोठी वही त्या दिवसापासून पुन्हा सुरू केली आहे.

सगळे गोड आहे असे मी म्हणणार नाही. प्रिंटर छापतो, पण त्याचे स्कॅनिंग जुळवावयास एक रविवार गेला. टॅली विंडोजसाठी बनलेले आहे, तेव्हा ज्यांचा धंदा त्यावर आहे त्यांनी घाई करू नये. आम्ही एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घेतली आहे. तरी चार जीबी मेमरीत पाच-सहा पाने एकदम उघडली की यंत्र धापा टाकते. लिनक्सला व्हायरसचा उपद्रव कमी, पण लबाडाने फोन करून ओटीपी मागितला आणि आपण दिला, तर कोणतीही प्रणाली आड येत नाही.

आता त्या हो बद्दल. मी हिशेब काढून घेतले, फोटो काढून घेतले, मुलीची कागदपत्रे काढून घेतली. सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या मुलाने २०१९ साली फोनवर घेऊन संगणकात ठेवल्या होत्या. अकरा होत्या. त्या वेगळ्या फोल्डरात आहेत हे मला माहीत होते, आणि त्या सकाळी आठवले नाही. सासूबाई २०२१ साली गेल्या. दोन ओव्या पूर्वी नणंदेला पाठविल्या होत्या, त्या तिने जपून ठेवल्या म्हणून राहिल्या. नऊ गेल्या. यात दोष यंत्राचा नाही, भाच्याचाही नाही. यांनी मला एका शब्दाने बोलून दाखविले नाही, तेच अधिक जड गेले. या महिन्यात म्हशाच्या यात्रेला गेले तेव्हा वाटेत सासूबाईंच्या धाकट्या बहिणीकडे उतरले. तिला पाच येतात. त्या घेतल्या, आणि तीन ठिकाणी ठेवल्या आहेत.

तो पेनड्राइव्ह माझ्याकडेच आहे. ज्यांच्या घरी जुने यंत्र पडून आहे त्यांनी मंगळवारी किंवा शुक्रवारी चारनंतर आणावे. येताना चार्जर आणावा, एक रिकामा पेनड्राइव्ह आणावा, आणि यंत्रात काय काय आहे याची यादी घरातल्या सगळ्यांना विचारून कागदावर लिहून आणावी. यादी नसेल तर मी पुसण्याच्या बटणाला हात लावणार नाही, मग कोणी कितीही रागावो.