नको असलेल्या प्रश्नांचे काय करायचे?



घरातली वीज कशी वाचवावी, याची माहिती मराठीत आणि उर्दूत देण्याचे काम आम्ही काही जण नोकरी सांभाळून करतो. सोबत एक फोन नंबर दिलेला आहे. आज वीज कशी वाचवायची ते सांगायला मी उभा नाही. त्या नंबरवर जे नको असलेले प्रश्न येतात, त्यांचे काय करायचे, याबद्दल बोलणार आहे. तुमच्यापैकी कुणी शिष्यवृत्तीची, कुणी रेशनची, कुणी दवाखान्याची माहिती देते. नंबर जाहीर केला की हा अनुभव सगळ्यांना येतो.

आमचे खरे काम साधे आहे. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट खातो. दिवसाला बारा तास चालला तर महिन्याला २७ युनिट होतात. ३० वॅटचा बीएलडीसी पंखा तेवढाच चालवला तर ११च्या आसपास. म्हणजे एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट वाचतात, आणि ती बिलातल्या सगळ्यात महागड्या टप्प्यातून कमी होतात. हा हिशेब एखाद्या घराला समजावून सांगायला दहा मिनिटे लागतात. पण रात्री नऊनंतरच्या आमच्या तासाभरात ती दहा मिनिटे उरली पाहिजेत. नको असलेल्या प्रश्नांत तास गेला, तर दोन खोल्यांत राहणारी, पहिल्यांदाच धीर करून विचारणारी बाई मागे पडते. प्रश्नांची छाननी करायची ती तिच्यासाठी.

आम्ही असे प्रश्न चार प्रकारांत वेगळे करतो.

पहिला प्रकार, दुसऱ्या दारचे प्रश्न. ‘लाईट गेली आहे’, ‘मीटर जळाले’, ‘बिल चुकीचे आले’. यावर आमच्या हातात काही नाही. पण ‘आमचा संबंध नाही’ एवढे म्हणून फोन ठेवायचा नाही, योग्य दार दाखवायचे. महावितरणच्या ग्राहकांसाठी १९१२. भिवंडी, मुंब्रा, मालेगाव इथे वितरण फ्रँचायझीकडे आहे, तिथे आधी बिलावरचा नंबर पाहायला सांगतो. तक्रार करूनही दाद मिळाली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल आहे. ‘आज रात्री वीज तोडणार, या नंबरवर फोन करा’ असा मेसेज आलेला माणूस घाबरून विचारतो. त्याला सांगतो, विद्युत कायदा २००३च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडायची तर किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. त्या नंबरवर फोन करू नका. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर कळवा. ही उत्तरे आम्ही एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. रोज नव्याने लिहीत बसत नाही.

दुसरा प्रकार, विक्रेत्यांचा. ‘आमचे यंत्र प्लगला लावा, बिल निम्मे होईल, तुमच्या लोकांना सांगा, कमिशन देऊ.’ अशा डब्यात बहुधा एक कपॅसिटर आणि एक दिवा असतो. घरगुती बिल प्रत्यक्ष वापरलेल्या युनिटवर येते, कपॅसिटरने ते कमी होत नाही. सौरऊर्जेचे काही एजंट तर आमच्याकडे विचारणाऱ्यांचे नंबर मागतात. यांना एका ओळीचे उत्तर: कमिशन घेत नाही, नंबर देत नाही. त्यानंतर बोलणे बंद. आणि लोकांना सांगायचे, घरावरच्या सौरसंचाचे केंद्राचे अनुदान, ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार रुपये, ग्राहकाच्याच बँक खात्यात येते. ‘अनुदान मिळवून देतो’ म्हणून कुणी आगाऊ पैसे मागत असेल तर सावध व्हा.

तिसरा प्रकार आपल्या माणसांच्या भाबडेपणातून येतो. विचारायचे असते फ्रिजबद्दल, पाठवतात अख्ख्या बिलाचा फोटो, सोबत आधार कार्ड. आम्हाला मागच्या बारा महिन्यांची युनिट आणि घरातल्या उपकरणांची यादी एवढेच लागते. बाकीचे पुसून टाकतो, आणि पुसले असे कळवतो. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून ठामपणे सांगतो: जी माहिती आपण ठेवलीच नाही, ती आपल्याकडून कुणी चोरू शकत नाही. वस्तीतल्या गरीब माणसाची कागदपत्रे आपल्या फोनमध्ये पडून राहणे हा धोका आहे, सेवा नव्हे.

चौथा प्रकार अवघड. ‘आकडा टाकून घेतलेल्या विजेवर शिजवलेले हलाल की हराम?’ असा प्रश्न येतो. आम्ही मुफ्ती नाही आणि व्हायचेही नाही. आम्ही एवढेच सांगतो, कलम १३५ प्रमाणे वीजचोरी हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि उघड्या तारेने आधी घरातले मूल दगावते. मीटर मंद करण्याची युक्ती विचारणाऱ्यालाही हेच उत्तर. ‘तुमचेच लोक वीज चोरतात’ असे टोमणे मारणाऱ्यालाही हेच: कायद्यात धर्माचा रकाना नाही, चोरी कुणाचीही असो, ती चोरीच. एवढे एकदा सांगायचे, वाद घालायचा नाही. आपल्या माणसाला आणि टोमणा मारणाऱ्याला एकच उत्तर देता आले, तरच आपल्याला नागरिक म्हणून बोलण्याचा अधिकार राहतो.

आता शेवटचा मुद्दा. नको असलेला प्रश्न वारंवार येऊ लागला, तर तो नको असलेला राहत नाही. ‘मीटर माझ्या नावावर होईल का?’ हा वीजबचतीचा प्रश्न नाही. पण विचारणाऱ्या बहुतेक बायका असतात. कुणाला तलाक झालेला, कुणाचा नवरा वारलेला, कुणी भाड्याच्या खोलीत घरमालकाला तो सांगेल त्या दराने पैसे देणारी. पंखा बदलून युनिट वाचले तरी दर मालकच ठरवणार असेल, तर तिच्या हातात काय पडणार? कलम ४३ मध्ये जागेचा मालक ‘किंवा’ ताबाधारक असे शब्द आहेत. म्हणजे जागेत राहणारी व्यक्तीही, राहत असल्याचा पुरावा आणि बाकीची कागदपत्रे जोडून, वीजजोडणीचा अर्ज करू शकते. आम्ही हे आता आमच्या माहितीत पहिल्या पानावर घेतले आहे.

तेव्हा तुमच्याकडे येणारे नको असलेले प्रश्न महिन्यातून एकदा एकत्र बसून वाचा. विक्रेते बाजूला काढा, शिव्या बाजूला काढा. उरलेल्यांत कोण बोलते आहे ते पाहा, आणि पुढच्या महिन्याचे काम त्यातून ठरवा.