रोग्याच्या उशाशीं झालेलें संशोधन
(महोत्सवप्रसंगीं कवठे महांकाळ येथें केलेलें भाषण)



जन्मांध माणसास पाहून शिष्यांनीं विचारिलें, पाप कोणाचें? याचें कीं याच्या आईबापांचें? प्रभूनें दोन्ही नाकारिलीं. तरी पिढीजात रोग घरांत शिरला कीं तोच प्रश्न आपल्या ओठांवर येतो. म्हणून या मंगल प्रसंगीं एका संशोधकाची हकीकत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

डॉ. नोशीर वाडिया यांचा जन्म १९२५ सालीं सुरतेस पारशी कुळांत झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिकून ते विलायतेस गेले आणि मज्जारोगांचें विशेष शिक्षण घेऊन परतले. १९५७ सालीं जे. जे. रुग्णालयांत त्यांनीं त्या रोगांचा विभाग उघडिला. ज्यांचा तोल जातो, बोलणें जड होतें, असेहि रोगी तेथें येत. अशा माणसास मद्यपी समजून हंसणारे लोक कोठेंहि आढळतात. वाडियांनीं हंसण्याऐवजीं निरखून पाहिलें. निरोगी डोळा एका वस्तूवरून दुसरीवर झटकन् जातो. कांहीं रोग्यांचा डोळा मात्र मंदगतीनें सरकत होता. तीच व्यथा त्यांच्या आप्तांतहि आढळली. अशा नऊ कुटुंबांचा वृत्तांत त्यांनीं डॉ. स्वामींसह १९७१ सालीं ‘ब्रेन’ या इंग्रजी नियतकालिकांत प्रसिद्ध केला.

पुढें १९९६ सालीं या व्याधीच्या एका प्रमुख प्रकाराचें मूळ बाराव्या गुणसूत्रावर सांपडलें. तेथील तीन अक्षरांचा एक संकेत प्रमाणाबाहेर वाढून लहान मेंदूच्या पेशी हळूहळू झिजतात. रोग्याच्या प्रत्येक अपत्यास तो दोष मिळण्याचा संभव निम्मा असतो. समूळ उपाय अद्याप नाहीं. वाडियांना २०१२ सालीं पद्मभूषण मिळालें. २०१६ सालीं ते निवर्तले. त्यांनीं आरंभिलेला शोध चालूच आहे.

यांत आमच्या मतें मोठें श्रेय त्या नऊ कुटुंबांचें आहे. त्यांनीं आपलें दुःख झांकून ठेविलें असतें, तर वैद्याची दृष्टि कितीहि तीक्ष्ण असून काय उपयोग?

आपल्या या कोरडवाहू मुलखांत हातपाय हेंच भांडवल. तें डळमळूं लागलें कीं घरचे लाजेनें माणसास माजघरांत ठेवितात, आणि सोयरीक जुळवितांना रोगाचें नांवहि काढीत नाहींत. असें करूं नये. रोग्यास वेळींच वैद्याकडे न्यावें, घराण्यांतील आजार मोकळेपणानें सांगावे, आणि शेजाऱ्यांनीं त्या घरचा भार वांटून घ्यावा. पक्षघाती माणसाची बाज चौघांनीं उचलिली होती. एकट्यानें ती उचलली नसती. असे चौघे प्रत्येक वस्तींत निघोत, हाच या महोत्सवाचा खरा प्रसाद. प्रभु आपणां सर्वांस तशी बुद्धि देवो.