दहा मिनिटांची सावली

टेक्सस राज्यातील ऑस्टिन शहराने २०१० साली आणि डॅलसने २०१५ साली एक साधा नियम केला : बांधकामावरील मजुराला दर चार तासांमागे दहा मिनिटे विसावा मिळावा. २०२३ साली राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून असे नियम करण्याचा शहरांचा अधिकारच हिरावून घेतला. पुढच्याच वर्षी फ्लॉरिडाने तोच मार्ग धरला. तेथील मायामी-डेड परगण्यात पिण्याचे पाणी आणि दर दोन तासांनी दहा मिनिटांची सावली सक्तीची करण्याचा प्रस्ताव होता. बांधकाम व शेती उद्योगांनी त्याला कडाडून विरोध केला आणि राज्याने तो विषयच स्थानिक सत्तेच्या कक्षेबाहेर नेला.

मालकवर्गाचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. हवामान जागोजाग वेगळे, तेव्हा सर्वांना एकच नियम कसा? शिवाय कामाची जागा सुरक्षित ठेवण्याचे मालकाचे सर्वसाधारण कर्तव्य १९७० च्या कायद्यात सांगितलेलेच आहे. हे खरे आहे. परंतु त्या कलमाचा आधार बहुधा मजूर कोसळल्यानंतर घेतला जातो, आणि ऊन किती झाले म्हणजे धोक्याचे, हे सिद्ध करण्याचा भार सरकारी निरीक्षकावर पडतो. उष्णतेसाठी स्वतंत्र नियम करावा अशी शिफारस सरकारच्याच संशोधन संस्थेने १९७२ साली केली होती. केंद्रीय नियमाचा मसुदा निघायला २०२४ उजाडले. बावन्न वर्षे!

'मजूर उन्हाला सरावलेले असतात' हाही एक आवडता दावा. शरीर सरावते, पण त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. कामावर उष्माघाताने होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मृत्यू पहिल्या आठवड्यातच ओढवतात, असे अमेरिकेचेच कामगार खाते सांगते. नव्या माणसावर पहिल्या दिवशी पूर्ण काम लादू नये, हे कलम म्हणूनच कळीचे. आणि विसावा पगारी हवा. मजुरी मालाच्या वजनावर असेल, तर पाणी प्यायला थांबणे म्हणजे स्वतःचीच कमाई कापणे. महाराष्ट्रातील ऊसतोडणी कामगाराला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

शेतमजुरांच्या मृत्यूंनंतर कॅलिफोर्नियाने २००५ साली उघड्यावरील कामासाठी पाणी, सावली व विसावा बंधनकारक केला. तेथील शेती त्यामुळे बुडाली नाही. मात्र नियमाची अंमलबजावणी होत नाही म्हणून शेतमजूर संघटनेला २०१२ साली खुद्द सरकारी यंत्रणेविरुद्ध न्यायालयात जावे लागले. तडजोड झाली ती २०१५ साली.