हँडओव्हर देऊन डोंगराकडे

आज पदवी हातात घेतलेल्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनो,

मी आज एका अधिपरिचारकाबद्दल बोलणार आहे. त्यांचं नाव घेणार नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. रायगड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात त्यांची सारी नोकरी गेली. वॉर्डात त्यांना सगळे ब्रदर म्हणत. कातकरीवाड्यांवरची माणसं ब्रदरदादा म्हणत. मी त्यांची मेट्रन होते, त्यांचं काम रोज पाहत होते. गेल्या पावसाळ्यात ते गेले. त्यांच्याविषयी मला जे वाटतं ते तुमच्यासमोर बोलावं, असं तेव्हापासून मनात होतं.

एकदा पहाटे बारा-तेरा वर्षांचा एक कातकरी मुलगा पोटात दुखतंय म्हणून आला. अंगावर जखम नाही, सूज नाही. पोटदुखीच्या रुग्णांची आमच्याकडे कधीच कमी नसते. त्याला बाकावर बसवून ठेवलं असतं तर कुणी नाव ठेवलं नसतं. ब्रदर त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि त्यांनी विचारलं, "रात्री कुठं निजला होतास रे?" भुईवर, पोरानं सांगितलं. मग त्यांनी त्याला वर बघायला लावलं. पापण्या पुरत्या उचलत नव्हत्या. ब्रदर उठले आणि थेट डॉक्टरांकडे गेले. मण्यार रात्री, झोपलेल्या माणसाला चावते. दाताच्या खुणा बहुतेक वेळा दिसतही नाहीत, दुखतही नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, गिळता येईनासं होतं आणि मग श्वास थांबू लागतो. त्या पोराला प्रतिविष सुरू झालं. श्वास मंदावला तेव्हा नळी घातली आणि मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत ब्रदर रुग्णवाहिकेत अँब्यू बॅग दाबत बसले. आज तो मुलगा वीटभट्टीवर मुकादम आहे.

हे निदान पुस्तकात आहे. तुम्ही सगळ्यांनी ते परीक्षेत लिहिलंही असेल. पण पहाटेच्या वेळी, रात्रपाळी संपायला तासभर उरलेला असताना, त्या पोराच्या पापण्यांकडे बघावंसं वाटणं, हे कुठून येतं? ब्रदरांच्या बाबतीत तरी मला ठामपणे वाटतं की ते डोंगरातून आलं होतं. सुटी मिळाली की ते सह्याद्रीत असत. नुसती शिखरं सर करण्याची त्यांना हौस नव्हती. ओढ्याकाठी शीळकरी कस्तुराची शीळ ऐकत ते तासन् तास बसत. शेकरूचं घरटं दिसलं की झाडाखाली मुक्काम. कारवी फुलायला सात वर्षं लागतात, आणि तिच्या फुलण्याचं वर्ष त्यांना पाठ असे. जो माणूस न हलता, न बोलता एखाद्या झाडाकडे अर्धा तास पाहू शकतो, त्याला रुग्णाच्या चेहऱ्यात झालेला बदल दिसतो. वॉर्डात आपण सगळे फार धावतो. धावणाऱ्या माणसाला पापणी दिसत नाही.

आणि डोंगरानं त्यांना आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे माणसं. पावसाच्या तोंडावर शेवळं कुठं उगवतात, ती खाजू नयेत म्हणून भाजीत काकडं का घालायची, हे त्यांनी कातकरी बायांकडून शिकून घेतलं होतं. त्यामुळे वाडीवरची म्हातारी दवाखान्यात आली की पहिली पाच मिनिटं रानभाज्यांची चौकशी चाले. बघणाऱ्याला वाटे, गप्पा मारतायत. पण त्या पाच मिनिटांत ती आधी भगताकडे जाऊन आली आहे का, पाला काय लावला, किती वेळ गेला, हे सगळं ती आपणहून सांगून टाकी. दरडावून विचारलं असतं तर कळलं नसतं.

कोकणात लाल विंचवाचा दंश ही काय चीज आहे, हे इथल्या पालकांना सांगायला नको. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आयुष्य घालून दाखवून दिलं की रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन ही साधी गोळी या दंशात जीव वाचवते. पूर्वी गंभीर दंशात शंभरातले तीसच्या आसपास रुग्ण दगावत, ते प्रमाण अगदी खाली आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या संशोधनाचा मला फार अभिमान आहे. पण गोळी दिल्यानंतरची रात्र आपली असते, परिचारिकांची आणि परिचारकांची. मूल आडवंच राहायला हवं. कुणी उचलून कडेवर घेतलं तर रक्तदाब एकदम घसरतो. आता घामानं थबथबलेल्या, ओकाऱ्या काढणाऱ्या लेकराला उचलू नको, हे आईला कसं सांगायचं? ब्रदर तिला उशाशी स्टुलावर बसवत आणि तिचा हात मुलाच्या कपाळावर ठेवत. तिला काम देत. मग दर अर्ध्या तासाला नाडी, रक्तदाब, श्वास, आणि मधल्या वेळात मुलाच्या तळव्यांना हात. विषाच्या जोरात हातपाय बर्फासारखे गार पडलेले असतात, ते पुन्हा कोमट लागणं हे उतार पडल्याचं लक्षण. तसे ते लागले की ब्रदर स्वतः काही बोलत नसत. आईला म्हणत, "ताई, पायाला हात लावून बघा." बातमी तिची तिला कळू देत.

पुरुषानं कसलं नर्सिंग करायचं, हे त्यांनी आयुष्यभर ऐकलं. इथे बसलेल्या मुलांनीही ऐकलं असेल, लग्नाच्या बैठकीत तर नक्कीच ऐकाल. त्यांना मी एवढंच सांगते की नाइटिंगेलबाईंनी १८६० मध्ये लंडनला शाळा काढली, त्याच्या कितीतरी आधी, सोळाव्या शतकात, रोममध्ये कामिलस नावाच्या एका माजी सैनिकानं रुग्णसेवेसाठी पुरुषांचा संघ उभारला होता. आपला हा व्यवसाय दोघांचाही आहे.

आता जे सांगायचं म्हणून मी आले ते सांगते. शोकसभेत अनेकांनी ब्रदरांना त्यागमूर्ती म्हटलं. मला ते पटलं नाही. ते दयाळू होते, पण त्यांनी घरावर पाणी सोडून सेवा केली नाही. पाळी संपली की ते प्रत्येक खाटेपाशी उभं राहून पुढच्या पाळीला हँडओव्हर देत, सलाइन किती उरलंय ते दाखवत, कोणत्या रुग्णाचा मुलगा मुंबईहून यायचा आहे तेही सांगत आणि निघत. घरी जाऊन भाकऱ्या थापत. त्यांच्या पत्नी शिक्षिका आहेत, त्यांची सकाळची शाळा असे. दोन्ही मुलींच्या वेण्या त्यांनी घातल्या. मुली चालायला लागल्या तशा त्यांना रायगडावर नेलं. हिरकणी बुरुजावर उभं करून तान्ह्या बाळासाठी कडा उतरलेल्या बाईची गोष्ट सांगितली. धाकटीला वाघदरवाजा पाहायचा होता म्हणून ते एकदा रुग्णालयातला सत्काराचा कार्यक्रम सोडून गेले. तेव्हा मी रागावले नव्हते, आणि आज त्याचा मला आनंद आहे.

त्याग म्हणून सेवेचं कौतुक करणारे लोक पुष्कळ भेटतील. त्या कौतुकात एक धोका आहे. तुम्ही देवमाणूस ठरलात की तुमच्या सलग तिसऱ्या रात्रपाळीबद्दल, रिकाम्या पदांबद्दल, एका वॉर्डात एकटीनं चाळीस रुग्ण बघण्याबद्दल कुणाला काही वाटेनासं होतं. सेवा खरी कशी टिकते ते बघा. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिथल्याच परिचारिका अरुणा शानभाग १९७३ पासून २०१५ पर्यंत, ४२ वर्षं, खाटेवर होत्या. सहकाऱ्यांनी त्यांना शय्याव्रण होऊ दिला नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०११ च्या निकालात तिथल्या परिचारिकांची मनापासून प्रशंसा केली. विचार करा, ४२ वर्षं हे कुणा एका स्त्रीला शक्य होतं का? ज्यांनी सुरुवातीला त्यांची कूस बदलली त्या निवृत्त झाल्या, आणि त्यांच्या निवृत्तीनंतर आलेल्या मुलींनी, ज्यांनी अरुणाताईंना हिंडताफिरताना कधी पाहिलंच नव्हतं, त्याच मायेनं ते काम पुढे नेलं. पाळीमागून पाळी. त्यातली प्रत्येक जण घरी जात होती, जेवत होती, मुलांचा अभ्यास घेत होती. म्हणून ते इतकी वर्षं टिकलं.

२०२१ च्या जुलैत महाड बुडालं, तळियेत दरड कोसळली, रस्ते बंद झाले. ब्रदर डोंगरातल्या पायवाटांनी चालत ड्यूटीवर पोहोचले आणि घरी जायचा रस्ता मोकळा होईपर्यंत थांबले. तेव्हा पाळी संपली म्हणून ते निघाले नाहीत. प्रसंग ओळखायची अक्कल त्यांना होती. आणि इतका दम त्यांच्यात उरलेला होता, कारण एरवीच्या दिवसांत त्यांनी स्वतःला झिजवून टाकलं नव्हतं.

शेवटच्या आजारात ते आमच्याच रुग्णालयात काही दिवस होते. तुमच्यातल्या दोघींची तिथे पोस्टिंग होती. एकीला शीर सापडत नव्हती, तिचा हात थरथरत होता. त्यांनी तिला दुसरा हात पुढे केला आणि खिडकीबाहेरच्या झाडावर हरियाल बसलेत ते दाखवलं. ती बघायला लागली, हात स्थिर झाला, शीर सापडली. हे तिनंच मला सांगितलं. ती आज पहिल्या रांगेत आहे.

पाऊस सरल्यावर त्यांच्या घरचे नेहमीप्रमाणे रायगड चढणार आहेत, रोपवेनं नाही, पायऱ्यांनी. त्यांच्या पत्नीनं तुम्हा सर्वांना बोलावलं आहे. तारीख महाविद्यालयाच्या फलकावर लागेल. बूट पकड असलेले घाला, प्रत्येकानं दोन लिटर पाणी घ्या. तोवर तुमच्यातले बरेच जण कामावर रुजू झालेले असाल, तेव्हा पाळी आधीच बदलून घ्या. रात्रपाळी करून येणार असाल तर हँडओव्हर खाटेपाशी उभं राहून द्या, आणि मग या. पायथ्याशी आम्ही सकाळी सहा वाजता थांबलेले असू.