धड्यांआधी नाती

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती माळवदासह कोसळल्या. अशा भिंतीचे आतले-बाहेरचे पदर बांधून धरणारा आरपार दगड नसला, तर हादऱ्याने ते पदर सुटतात. नांदेड-लातुरात गवंड्यांस संगणकावरून शिकवताना ‘दगड’ व ‘भिंत’ हे धडे सुटे ठेवले, तर गवंडी दोन्हींत उत्तीर्ण होईल, घर मात्र नापास! म्हणून धड्यांआधी नाती मांडावीत : कशाचे अंग काय, कशावाचून काय ढळते. या मांडणीस संगणकशास्त्रात ऑन्टॉलॉजी म्हणतात. आपला अमरकोशही अक्षरक्रमाने नव्हे, वर्गवार रचलेला आहे. आमचे म्हणणे इतकेच : यंत्र कुठूनही आणा; नाती मात्र इथल्या जाणत्या गवंड्यास विचारूनच नोंदवा. चुकीच्या नात्याची किंमत घरात निजलेली माणसे देतात.