उन्हाळा आणि ज्वालाग्राही द्रवांची वाहतूक



वैशाखांतली दुपार. मोर्शीच्या रस्त्यावर चिटपांखरूं नसतें. संत्र्यांच्या बागाही मरगळून गेलेल्या असतात. पारा ४५ अंशांच्या आसपास पोंचलेला. अशा वेळीं पेट्रोलचा टँकर जातांना दिसला कीं पाहणाराच्या मनांत सहज येतें, "एवढ्या उन्हांत हा पेटत कसा नाहीं?" प्रश्न साधा आहे; पण त्याच्या उत्तरांत अनेकांचे प्राण गुंतलेले आहेत.

नुसत्या उन्हानें पेट्रोल पेटत नाहीं. ठिणगीवांचून आपोआप पेट घेण्यास अडीचशें अंशांच्या आसपास उष्णता लागते. ऊन वाफ वाढवितें, आणि पेटते ती वाफ. हवेंत तिचें प्रमाण शेकडा दीडपासून साडेसातपर्यंत असलें कीं एक ठिणगी पुरते. ही वाफ हवेच्या तिप्पट-चौपट जड. ती वर न जातां जमिनीसरशी पसरते, नालींत सांचते आणि दूरच्या विस्तवापर्यंत पोंचते.

पेट्रोल शून्याखालीं ४० अंशांवरही पेटण्याजोगी वाफ देतें; म्हणून त्याच्याशीं लोक बाराही महिने जपून वागतात. फसवितें तें रॉकेल व डिझेल. पेटण्याजोगी वाफ सुटूं लागते त्या उष्णतेस ज्वलनबिंदु म्हणतात. ह्या तेलांच्या बाबतींत तो ३५ अंशांहून खालीं नसावा, असा आपल्याकडील दंडक आहे. थंड देशांत ही मर्यादा हवेच्या बरीच वर राहते. वऱ्हाडच्या मे महिन्यांत हवाच तिच्यापुढें जाऊं शकते, आणि डांबरावर सांडलेलें तेल त्याहूनही तापतें. थंड हवेंतला भरंवसा येथें चालत नाहीं.

दुसरी गोष्ट फुगण्याची. पेट्रोल दर अंशास हजारांत सुमारें एक भाग वाढतें. पहाटे भरलेले १२,००० लिटर दुपारपर्यंत १५ अंशांनीं तापले, तर सुमारें १८० लिटरांची भर पडते. म्हणूनच टाकी तोंडोतोंड न भरतां शेकडा तीनच्या सुमारास जागा मोकळी ठेवतात, आणि दाब वाढल्यास तो सोडणारी झडप बसवितात. चार लिटरांच्या लोभानें ही जागा भरणें म्हणजे संकटास आमंत्रण. शिवाय नळींतून वाहणाऱ्या तेलांत घर्षणानें वीज सांचते. म्हणून तेल भरतांना व उतरवितांना टँकर तारेनें जमिनीस जोडलाच पाहिजे.

ह्या साऱ्यासाठीं १९३४ चा पेट्रोलियम कायदा व २००२ चे नियम आहेत. त्यांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय खात्याची मुख्य कचेरी विदर्भांतच, नागपूर येथें आहे. टँकरवरील पाटीवर १२०३ हा आंकडा दिसला कीं आंत पेट्रोल आहे, असें जाणत्यानें ओळखावें. अपघाताची खबर देतांना हा आंकडा सांगितल्यास आग विझविणारांचें काम सोपें होतें.

परंतु नियम पाटीवर राहतात. प्राण जातात ते रस्त्यावर. १३ जून २०२३ रोजीं मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर खंडाळ्याजवळ टँकर उलटून पेटला, आणि जळता द्रव पुलाखालच्या रस्त्यावर सांडून खालून जाणारेही बळी पडले. २५ जून २०१७ रोजीं पाकिस्तानांत अहमदपूर येथें उलटलेल्या टँकरचें पेट्रोल गोळा करावयास लोक भांडीं घेऊन धांवले. आग भडकली व दोनशेंहून अधिक माणसें दगावलीं. फुकट मिळणाऱ्या तेलाची एवढी किंमत!

ही गोष्ट केवळ टँकरवाल्यांची नव्हे. फवारणीच्या यंत्रासाठीं प्लॅस्टिकच्या बाटलींत पेट्रोल घेऊन एस. टी.त चढणारा गृहस्थ, मोटारीच्या डिकींत कॅन ठेवून ती उन्हांत उभी करणारा सुशिक्षित, हेही छोटे टँकरच होत. फरक इतकाच कीं त्यांना झडप नाहीं, तार नाहीं आणि पाटीही नाहीं. सांडलेल्या तेलापासून दूर जावें, वाऱ्याच्या वरच्या अंगास उभें राहावें, विडी-काडी पेटवूं नये, एवढें घरांतल्या मुलांना शिकविलें तरी पुष्कळ झालें. ऊन टाळतां येत नाहीं. ठिणगी टाळतां येते.